उसनी मतं

काहिलीतली चरबी अजून नीट वितळलीही नव्हती, तेवढ्यात सिप्रियानो तफोयाला काहीतरी शिजत असल्याचा वास आला. तो डुकराचा नव्हता. त्याची बहीण ऑर्लिंदा सकाळपासून एका जागी बसली नव्हती, आणि वास होता तो तिथला.

ती माणसांतून फिरत होती. काका बेलार्मिनोंच्या खुर्चीशी वाकून काहीतरी बोलली. तिथून टोर्टिया भाजणाऱ्या बायकांत गेली, मग कुंपणापाशी सिगारेट ओढत उभ्या असलेल्या पोरांकडे. प्रत्येकाशी दोनच वाक्यं बोलायची, खांद्यावर हात ठेवायची आणि पुढे सरकायची. सिप्रियानो काहिलीपाशी हातभर लांब लाकडी वल्हं धरून उभा होता. तफोयांच्या मातान्सात, म्हणजे डुक्कर कापून साऱ्या गोतावळ्याला खाऊ घालायच्या वार्षिक जेवणात, वल्हं ज्याच्या हाती असतं तो जागा सोडत नाही. तो डुकराचे तुकडे ढवळतो आणि लोक ताट घेऊन त्याच्याकडे येतात. वडील असेच उभे राहायचे आणि उभ्या उभ्या नगरपालिका चालवायचे. आता वल्हं सिप्रियानोकडे होतं. नगरपालिकाही त्याच्याचकडे होती.

"ती काय विचारतेय सगळ्यांना?" मीठ घेऊन आलेल्या बायकोला त्यानं विचारलं.

"तिलाच विचार की," एलोइसा म्हणाली.

"तुला काय विचारलं?"

"थंडी वाजतेय का म्हणाली."

"एवढा वेळ?"

"थंडी बरीच आहे, सिप."

ती मिठाचं भांडं ठेवून निघून गेली. सिप्रियानोनं वल्हं काहिलीच्या तळापर्यंत घातलं आणि जरा जोरानंच फिरवलं.

मंगळवारी नगरपालिकेची बैठक होती. एका ठरावावर चार नगरसेवकांपैकी दोन बाजूनं आणि दोन विरोधात होते, हे सान लिबोरिओ गावाच्या न्हाव्यालाही पाठ होतं. समसमान मतं पडली की नगराध्यक्षानं हात वर करून निकाल लावायचा. म्हणजे निकाल सिप्रियानोच्या हातात होता, आणि ठराव आणला होता ऑर्लिंदानं. मतपत्रिकेवर एकाच नावापुढे खूण करण्याऐवजी पहिली पसंती, दुसरी पसंती, तिसरी पसंती अशी लिहायची. कुणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत, तर सगळ्यात मागे असलेल्याला बाद करायचं आणि त्याच्या मतपत्रिका त्यांच्यावरच्या पुढच्या नावाला द्यायच्या. ऐकायला साधं होतं, आणि साध्या गोष्टीवर सिप्रियानोनं आयुष्यात कधी विश्वास ठेवला नव्हता.

शिवाय मागची निवडणूक होती. शंभरातल्या अडतीस मतांवर तो निवडून आला होता. सबिनो तेनोरिओला तेहतीस मिळाली होती. उरलेली सिप्रियानोचा चुलतभाऊ फाउस्तीन घेऊन गेला होता, ऐन वेळी उभा राहून, सबिनोच्याच आळ्यांतून. पुढच्या महिन्यात फाउस्तीन नगरपालिकेच्या गाड्यांच्या आगाराचा प्रमुख झाला. यावर गावात कुणी काही बोललं नाही. फक्त फाउस्तीन दिसला की लोक त्याला जरा जास्तच वाकून नमस्कार करू लागले.

आणि हा सबिनो ऑर्लिंदाचा थोरला दीर. आत्ता अंगणाच्या त्या टोकाच्या टेबलाशी तो टोपी न काढता बसला होता. नातं होतं, म्हणून बोलावणं होतं. सिप्रियानोनं त्याच्याकडे पाहिलं तेव्हा तो आधीपासूनच सिप्रियानोकडे पाहत होता.

दुपारी पहिले कुरकुरीत तुकडे निघाले. ताटं भरली, लाल मिरचीचं पातेलं फिरलं, आणि आई उठून उभी राहिली. रेफुहिओ तफोया बसून बोलत असे तेव्हा मुलं ऐकत. उभी राहून बोलली, की सुनाही ऐकत.

"पुढच्या वर्षीच्या मातान्साचं बोलायचंय," ती म्हणाली. "ती निवडणुकीच्या तोंडावर येते. तेव्हा वल्हं ज्याच्या हातात असेल, त्याच्यामागे हे घर उभं राहणार, हे सगळं गाव जाणतं. आजवर वल्हं तुमच्या बापानं दिलं. बाप आता नाही. मी दिलं तर एक पोर रुसणार."

"कोण रुसतंय, आई?" सिप्रियानो हसत म्हणाला.

"तू रुसशील, मिहो, माझ्या पोरा. दिलं नाही तर." लोक हसले. "म्हणून तुम्हा दोघा भावंडांत मतं घ्या. आणि ऑर्लिंदा म्हणतेय त्या नव्या पद्धतीनं घ्या. मंगळवारी गावाला पाजायचं ते आज घरात चाखून बघू."

सिप्रियानोनं आधी आईकडे पाहिलं, मग बहिणीकडे. ऑर्लिंदाच्या चेहऱ्यावर आश्चर्य होतं. ते खरं आहे की सकाळी आरशात बसवून आणलंय, हे त्याला ठरवता येईना.

"आई, ही कुणाची कल्पना?"

"माझी. का, मला कल्पना येत नाहीत?"

"मतं मोजणार कोण?"

"मी मोजेन, तिओ," हिमेना मामाला म्हणाली. ही ऑर्लिंदाची मुलगी. शाळेत गणित शिकवायची.

"उमेदवाराची पोरगी! वा!"

"मग तुमचं माणूस शेजारी बसवा. एक पलीकडचंही बसवू. सबिनो काका तफोया नाहीत, त्यांना मत नाही. त्यांना बसवू."

"माझ्याकडून एलोइसा बसेल," सिप्रियानो लगेच म्हणाला. घरातल्यासारखा पक्का माणूस दुसरा नसतो.

"आणि बरोबरी झाली तर?" बेलार्मिनो काका खुर्चीतून ओरडले. "कायद्यात पत्ते काढून निकाल लावायचं आहे ना! मी पत्ते आणलेत!"

"तुम्ही ते कशासाठी आणलेत ते आम्हाला ठाऊक आहे, तिओ," ऑर्लिंदा म्हणाली. पुन्हा हशा झाला.

वयात आलेले तफोया, सुना धरून, तेवीस भरले. सिप्रियानोनं वल्हं फिरवता फिरवता मनात फोड केली. त्याची बारा. ऑर्लिंदाची आठ. फाउस्तीन, त्याची बायको आणि त्याचा मुलगा ही तीन डोकी अधांतरी होती, पण तिघांचाही कल ऑर्लिंदाकडे, कारण फाउस्तीनच्या बायकोनं मागची निवडणूक अजून कुणालाच माफ केली नव्हती. म्हणजे बाराला अकरा. एक माणूस सरकला की सगळं सरकणार. सिप्रियानोला अशा दोघांतल्या लढती आवडत नसत. तिसरा नसलेली निवडणूक म्हणजे दार नसलेली खोली.

त्यानं वल्हं पुतण्याकडे दिलं आणि फाउस्तीनला लाकडांच्या ढिगामागे नेलं.

"तूही उभा राहा."

फाउस्तीननं डोळे मिटले. "पुन्हा?"

"वल्ह्यासाठी रे. घरातच आहे."

"सिप, मागच्या वेळी माझी बायको महिनाभर माझ्याशी बोलली नव्हती."

"म्हणजे तुझा दुहेरी फायदा झाला."

"कोण मत देणार मला? हसं होईल."

"तुझ्या घरातली तीन. वर दोन मी उसनी देतो. पाच झाली की खरं वाटतं."

"आणि दुसरी पसंती? ती कुणाला लिहू?"

"दुसऱ्याला कोण विचारतंय?" सिप्रियानो म्हणाला. "तुझं तू बघ."

त्याचा हिशेब चोख होता, आणि नव्या पद्धतीनंच केलेला होता, याचं त्याला मनातून कौतुकही वाटलं. फाउस्तीन पाचांवर राहणार, म्हणजे शेवटी, म्हणजे बाद. त्याच्या घरची तीन कुठंही जावोत. उसनी दिलेली दोन मात्र घरी परत येणार. दहा आणि दोन बारा. तेविसांत बारा म्हणजे निम्म्याहून जास्त. ऑर्लिंदाची पद्धत तिच्याच गळ्यात.

उसन्या मतांसाठी त्यानं सगळ्यात पक्की माणसं निवडली. बेलार्मिनो काकांच्या कानाशी तो वाकला. "तिओ, पहिलं नाव फाउस्तीनचं लिहा. कारण नंतर सांगतो."

"फाउस्तीन? तो गाड्यांवाला?"

"हळू बोला."

"लिहितो. तुझ्या बापानंही मला असलं पुष्कळ लिहायला लावलंय."

मग एलोइसा. ती हात पुसत होती. "तू पहिलं फाउस्तीनला दे," तो म्हणाला.

तिनं हात पुसणं थांबवलं. "मी?"

"त्यात एक हिशेब आहे."

"असणारच," ती म्हणाली. क्षणभर ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याला वाटलं, ती काही विचारणार. तिनं विचारलं नाही, आणि त्याला ते बरंच वाटलं.

फाउस्तीननं हात वर करून आपलं नाव सांगितलं, तेव्हा ताटांवरच्या माना वर झाल्या. सबिनो टोपीखालून म्हणाला, "फाउस्तीनला पुन्हा लोकसेवेचा झटका आला वाटतं."

"येतो अधूनमधून," फाउस्तीन म्हणाला आणि बुटांकडे पाहू लागला.

हिमेनानं कागदाचे तुकडे वाटले. लोक भिंतीकडे तोंड करून लिहायला लागले. सान लिबोरिओत कुणीच दुसऱ्यासमोर लिहीत नाही, आणि आज तर तफोयाच तफोयांपासून लपवत होते. बेलार्मिनो काकांनी टोपी आडवी धरली होती. सिप्रियानोनं स्वतःचं नाव पहिलं लिहिलं, आणि दुसऱ्या-तिसऱ्याच्या जागा कोऱ्या सोडल्या. त्या भरायच्या कशासाठी, हे त्याला खरोखरच सुचलं नाही.

चिठ्ठ्या मक्याच्या टोपलीत पडल्या. हिमेना एकेक उघडून पहिलं नाव वाचायची, एलोइसा आणि सबिनो दोन्हीकडून मान वाकवून बघायचे, आणि चिठ्ठी तीन ढिगांपैकी एकावर जायची. वारा होता म्हणून प्रत्येक ढिगावर दगड ठेवला होता.

"सिप तिओ दहा. आई आठ. फाउस्तीन तिओ पाच."

"पाच!" कुणीतरी शिट्टी मारली. फाउस्तीन स्वतःच चकित झाल्यासारखा दिसला. चांगलं करतो नाटक, सिप्रियानोला वाटलं.

"बारा कुणालाच नाहीत," हिमेना म्हणाली. "फाउस्तीन तिओ बाद. आता ह्या पाच चिठ्ठ्यांवरचं दुसरं नाव."

सिप्रियानोनं वल्हं परत हातात घेतलं होतं. आता ते सोडायची वेळ येणार नव्हती.

"ऑर्लिंदा," हिमेनानं वाचलं. "ऑर्लिंदा."

ही फाउस्तीनची बायको आणि पोरगा, त्यानं मनात म्हटलं.

"ऑर्लिंदा."

हा फाउस्तीन. हलकट. असू दे.

"ऑर्लिंदा."

वल्हं थांबलं.

एलोइसा चिठ्ठीवर वाकली होती. तिनं मान वर केली नाही. हिमेनानं शेवटची चिठ्ठी उघडली, एकदा पाहिली, सबिनोला दाखवली, एलोइसाला दाखवली.

"ऑर्लिंदा. म्हणजे आई तेरा, सिप तिओ दहा."

आरडाओरडा झाला. कुणी ऑर्लिंदाला मिठी मारली, कुणा पोरानं कुंपणावर डबा बडवला. रेफुहिओनं दोन्ही हात एकदाच वाजवले आणि ती खाली बसली. सिप्रियानो हसत राहिला. पंचवीस वर्षांच्या राजकारणात तो एक गोष्ट नक्की शिकला होता. हरल्यावर पहिली पाच मिनिटं दात दिसले पाहिजेत. पण आतून तो मोजत होता. पाचही तिकडे गेली होती. पाचांतली दोन कुणाची, हे या अंगणात त्याच्याशिवाय दोघांनाच ठाऊक होतं. चिठ्ठीवर नाव नव्हतं, अक्षर बघायची गरज नव्हती. साधी बेरीज होती, आणि बेरजेत संशयाला जागा नव्हती. आयुष्यभर संशयावर जगलेल्या माणसाला ती खात्री फार जड गेली.

तो आधी काकांकडे गेला. तिथं जाणं सोपं होतं.

"तिओ, दुसरं कुणाला दिलंत?"

"ऑर्लिंदाला," म्हातारा तोंडातला घास न थांबवता म्हणाला.

"का?"

"तिनं मागितलं." काकांनी हाड बाजूला ठेवलं. "सकाळी आली. म्हणाली, तिओ, उद्या-परवा कधी अशी निवडणूक झाली, तर तुमचं पहिलं सिपचं असणार, ते मी मागत नाही. दुसरं मला द्याल का? मी म्हटलं, बयो, दुसरं घेऊन काय करणार? ती म्हणाली, ठेवून देईन."

"सकाळीच? म्हणजे तिला आईचा बेत माहीत होता."

"ते तू तिला विचार. मला एवढंच माहीत, की या वयात माझ्याकडे कुणी काही मागत नाही. सगळे सांगतात." त्यानं सिप्रियानोकडे वर पाहिलं. "तूही सांगितलंस. पहिलं लिहा म्हणालास, लिहिलं. दुसऱ्याबद्दल तू काही बोलला नाहीस. मी समजलो, ते माझं."

एलोइसा विहिरीपाशी पातेलं विसळत होती. तो आला, हे तिला न बघता कळलं.

"घरातलं मत होतं ते," तो म्हणाला.

"हो."

"थंडी वाजतेय का, एवढंच विचारलं होतं ना तिनं?"

"तेही विचारलं होतं."

"एलोइसा, ते मत माझं होतं. ते परत यायचं होतं."

तिनं पातेलं उपडं घातलं. "तुझं असतं तर तू उसनं दिलं असतंस ते ठीक. माझं होतं. मला विचारलंस?"

"मी सांगितलं तुला, की हिशेब आहे."

"ऐक मग तुझा हिशेब." तिचा आवाज चढला नाही. तेच त्याला जास्त लागलं. "सकाळी ऑर्लिंदा आली, तेव्हा मी तिला म्हटलं, पहिलं सिपचं, ते मागू नकोस. दुसरं देते. ती बरं म्हणाली. कागद हातात येईपर्यंत माझ्या डोक्यात पहिलं नाव तुझं होतं. मग तू आलास आणि म्हणालास, फाउस्तीनला दे. ते तू स्वतःच काढून घेतलंस, सिप. मग मी दुसरं कुणाला लिहायचं होतं? दिलेला शब्द मोडून?"

त्यानं पुन्हा बेरीज केली. दहा आणि दोन बारा. पहिल्याच फेरीत. फाउस्तीन नसता, उसनवारी नसती, तर पुढच्या वर्षीचं वल्हं त्याच्या हातात होतं, आणि घरही.

"ती माझ्याविरुद्ध उभी राहणार," तो म्हणाला. "आई तिच्यात सामील आहे. हिमेना आहे. सबिनो आहे. हे सगळं ठरवून केलंय."

"असेल," एलोइसा म्हणाली. "मला नाही माहीत. पण तिनं ठरवून केलं ते एवढंच, की ती सगळ्यांकडे चालत गेली. तुझ्या माणसांकडेसुद्धा. तू काहिलीपाशी उभा होतास."

"वल्हं हातात असलं की उभंच राहतात."

"आता नाहीये ना हातात."

ऑर्लिंदा त्याला अर्ध्या अंगणात भेटली. तिच्या गालावर कुणीतरी मिरचीचा हात लावला होता.

"मंगळवारी काय करणार आहेस?" तिनं सरळ विचारलं.

"आईचा बेत तुला आधी माहीत होता?"

"नाही."

"सकाळीच सगळ्यांकडे फिरलीस."

"मी गेले पंधरा दिवस गावभर फिरतेय. आज घरात फिरले. तू विश्वास ठेवणार नाहीस."

"नाही ठेवत."

"नको ठेवूस. मंगळवारचं सांग."

तिच्या खांद्यावरून त्याला टोकाचं टेबल दिसत होतं, आणि त्या टेबलाशी एकटा बसलेला सबिनो. सबिनोची तेहतीस. सिप्रियानोनं आजवर त्या तेहतिसांकडे एकाच दृष्टीनं पाहिलं होतं. ती फोडायची कशी. त्यातल्या प्रत्येकाकडे आणखी एक नाव असणार, हे आज त्याला पहिल्यांदा दिसलं. ते नाव कुणाचं असेल, याचा त्याला अंदाजही नव्हता. तिथं तो कधी गेलाच नव्हता.

काहिलीपाशी येऊन त्यानं एका ताटात गरम तुकडे घेतले, टोर्टिया ठेवली, बाजूला लाल मिरची ओतली. मग वल्हं फाउस्तीनकडे दिलं.

"ढवळत राहा. तळाला लागू देऊ नकोस."

"तू कुठे चाललास?" फाउस्तीननं घाबरून विचारलं. "सिप, मी तुला सांगणार होतो, पण तिनं माझ्याकडे—"

"मागितलं. माहीत आहे."

तो अंगण ओलांडत असताना लोक वळून बघत गेले. हातात ताट घेतलेला सिप्रियानो त्यांनी कधी पाहिला नव्हता. आई, ऑर्लिंदा, एलोइसा, तिघी तीन ठिकाणांहून बघत होत्या, आणि तिघींच्याही नजरेत एकच प्रश्न होता. आता ह्याचा काय डाव? त्याला स्वतःलाही उत्तर ठाऊक नव्हतं. डाव असावा असं त्याला वाटत होतं, कारण डावाशिवाय चालायची त्याच्या पायांना सवय नव्हती.

सबिनोनं ताटाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"काय घातलंयस यात?"

"मीठ. मंगळवारी मी हात वर करणार आहे. ठरावाच्या बाजूनं."

"का?"

"पुढच्या वेळी तू उभा राहशील."

"राहीन."

"तुझी माणसं पहिलं तुलाच देतील. ते मागायला मी आलो नाही." पुढचं वाक्य त्यानं आयुष्यात कुणापुढे उच्चारलं नव्हतं, आणि ते फार छोटं निघालं. "दुसरं कुणाला द्यायला सांगशील?"

सबिनोनं सिप्रियानोच्या पलीकडे नजर टाकली, जिथं फाउस्तीन वल्ह्याशी झगडत होता.

"तो राहणार आहे का पुन्हा उभा?"

"राहू दे की. राहिला तर त्याचंही दुसरं मागायला जावं लागेल. तुलाही, मलाही."

"म्हणजे फाउस्तीनला आयुष्यात पहिल्यांदा भाव येणार," सबिनो म्हणाला. तो हसणार असं वाटलं, पण हसला नाही. ताट त्यानं बोटभर स्वतःकडे ओढलं. सिप्रियानो शेजारच्या खुर्चीकडे वळला.

"तिथं नको," सबिनो म्हणाला. "समोर बस. तुझे दोन्ही हात मला दिसले पाहिजेत."